जेवढं झाकता येईल तेवढंच

घर घेतलं तेव्हा भेटेल त्याने एकच सल्ला दिला: जेसीबी लावा. दोन-तीन तासांत सगळं साफ, मग हवं ते लावा. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला होता आणि अंगणाची अवस्था बघता दुसरं कोणाला काही सुचणंही अवघड होतं. कंबरेच्या वर गवत, मध्येमध्ये घाणेरीच्या जाळ्या, आणि मागच्या भिंतीला खिडकी आहे हे घराच्या आतून बघितल्यावरच कळत होतं. कित्येक वर्षं घर बंद होतं. नळ, वायरिंग, छप्पर ही कामं माणसं लावून करून घेतली. अंगण मात्र आपणच, आपल्या हाताने मोकळं करायचं हे मी पहिल्या दिवशी ठरवलं आणि नवऱ्यालाही ते पटलं.

यंत्राला झाड आणि झुडूप यांतला फरक कळत नाही, हे एक कारण. पण खरं कारण माती. जेसीबीचा फाळ वरचा वीतभर थर खरवडून नेतो, आणि नेमका तोच थर जिवंत असतो. पानं कुजून, गांडुळांनी खालची माती वर आणून, मुळांनी वाट करून तो तयार झालेला असतो. घर बंद असण्याने भिंतींचं, छपराचं नुकसान झालं. मातीचं मात्र भलंच झालं होतं. गवत दोन्ही हातांनी बाजूला केलं की खाली काळी, ओलसर, भुसभुशीत माती दिसायची. बोट सहज आत जायचं. ती उचलून ट्रॉलीत भरायची, खाली यंत्राच्या चाकांनी चेपलेली जमीन ठेवायची आणि मग त्यावर विकतची माती आणून ओतायची, हा व्यवहार मला कधीच पटला नसता.

सुरुवात कापण्याने केली नाही, फिरण्याने केली. हातात लांब काठी आणि पहार. अशा जागेत पायाखाली काय आहे ते माहीत नसतं. जुन्या घरांच्या अंगणात सांडपाण्याची टाकी असते, क्वचित बुजवलेली विहीर असते, गंजलेली तार, फुटक्या काचा, जमिनीत पुरलेली केबल असते. आमच्याकडे गुळवेलीच्या जाळ्याखाली एके ठिकाणी पहार आपटली तर आवाज बदलला. एरवी मातीत पहार बसते ती धप्प अशी. इथे पोकळ घुमल्यासारखं झालं. वेल वरवर कापून माती हाताने सारली तेव्हा टाकीचं झाकण दिसलं, एका कोपऱ्याला तडा गेलेलं, आणि त्या तड्यातून मुळं आत उतरलेली. अशा झाकणावर माणसाने पाय दिला आणि ते खचलं तर आत पडलेला माणूस पाण्यात बुडायच्या आधी तिथल्या वायूने गुदमरू शकतो. जेसीबी तर थेट त्या झाकणावरच उभा राहिला असता. त्या जागेभोवती खुंट्या ठोकून दोरी बांधली, नवं झाकण बसेपर्यंत तिथे कोणाला फिरकू दिलं नाही. हाताने करण्याचं पहिलं समर्थन मला तिथे मिळालं.

अंगावर काय घालावं याबद्दल थोडं सांगते, कारण हौसेने काम सुरू करणारे इथेच हयगय करतात. गुडघ्यापर्यंत गमबूट, पूर्ण बाह्या, जाड कातडी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. धनुर्वाताची लस गेल्या दहा वर्षांत घेतलेली नसेल तर आधी घ्यावी. ते जंतू मातीत बीजाणूंच्या रूपात वर्षानुवर्षं टिकतात आणि गंजका खिळा लागतोच असं नाही, साधा काटाही पुरतो. हात कधीही न दिसणाऱ्या जागी घालायचा नाही. ढीग उचलायचा तो दाताळ्याने, आधी काठीने हलवून. साप दिसला तर मागे सरकायचं, त्याला जायला वाट द्यायची. जातच नसेल तर साप पकडण्याचं शिक्षण घेतलेल्या माणसाला बोलवायचं. साप चावलाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही न करता शक्य तेवढं हालचाल न करता दवाखाना गाठायचा. आणि खाजकुयली ओळखायला शिकायचं. तिच्या शेंगांवरची सोनेरी मखमल दिसायला देखणी असते, पण वाळलेल्या शेंगेला धक्का लागला की ते बारीक केस हवेत उडतात आणि अंगाची नुसती आग होते.

कोयता आणि विळा धारदार हवा. बोथट हत्याराला जोर जास्त लागतो आणि ते घसरतं ते आपल्याच नडगीकडे. मी कामाला बसण्याआधी पहिली पाच-दहा मिनिटं धार लावायच्या दगडाबरोबर घालवते. पातं ओलं करून, एकाच दिशेने, एकाच कोनात. त्या वेळात आज कुठली पट्टी घ्यायची ते डोक्यात नीट बसतं.

पहिली पट्टी घराला लागून घेतली, भिंतीपासून साधारण मीटरभर. भिंतीला टेकलेली झुडपं ओल धरून ठेवतात, त्यांच्या आडून वाळवी चढते, आणि पाण्याचा निचरा कुठे तुंबलाय ते दिसत नाही. अंगणाचा उतार घरापासून दूर जाणारा हवा. तीन मीटरला पंधरा सेंटीमीटर एवढा असला तर पाणी पायाशी थांबत नाही. आमच्याकडे वर्षानुवर्षं पडलेल्या पाचोळ्याची माती होऊन उतार चक्क उलटा झाला होता. ती माती फावड्याने ओढून लांब नेली. घरातल्या एका खोलीच्या भिंतीला खाली जे पोपडे धरले होते, त्याचं उत्तर बाहेर अंगणात होतं.

भिंतीतच पिंपळ होता. पक्ष्याच्या विष्ठेतून बी सांध्यात पडतं, धूळ आणि ओल एवढ्यावर उगवतं. बोटाएवढा असताना तो ओलसर भिंतीतून मुळासकट निघतो. मनगटाएवढा झाला की वरून छाटून काही उपयोग नाही, पुन्हा फुटतो. आणि जोर लावून ओढला तर विटा घेऊन बाहेर येतो. आमच्यात दोन्ही वयाचे होते. लहान उपटून कुंड्यांत लावले, मोठ्यासाठी गवंड्याला बोलवून प्लास्टर फोडून, माग काढत मूळ काढावं लागलं. भिंतीतल्या झाडाबाबत चालढकल करू नये, बाकी सगळं थांबू शकतं.

घाणेरीवर मात्र सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तिच्याबद्दल बोलायला मला आवडतं. तिला लोक फक्त शिव्या देतात. मूळची अमेरिका खंडातली, फुलांसाठी बागांमध्ये हौसेने नेलेली, आणि तिथून निसटून जगभरातल्या उष्ण प्रदेशांत पसरलेली. गुरांना ती विषारी आहे, म्हणून चरणारं कोणी सहसा तिला तोंड लावत नाही. तिच्या खाली दुसरं काही सहज उगवत नाही. कोयत्याने जमिनीच्या वर कापली की ती मेली असं वाटतं, आणि पाऊस पडला की त्याच खुंटातून दहा फांद्या येतात. शिवाय तिरका वार झाला तर उरलेला खुंट भाल्यासारखा टोकदार राहतो आणि गवतात दिसत नाही. तो बुटाच्या तळव्यातूनही पायात घुसू शकतो.

तिला हरवायची जागा जमिनीच्या जरा खाली आहे. खोड संपून मूळ सुरू होतं त्या सांध्यातून नवे फुटवे येतात. त्याच्या खालून, मातीच्या पृष्ठभागापासून तीन ते पाच सेंटीमीटर आत, मुख्य मूळ तोडलं की खालचं मूळ पुन्हा फुटत नाही. म्हणजे आख्खं झाड खणून काढायची गरजच नाही. माझी पद्धत अशी बसली: आधी फांद्या छाटून हातभर खुंट ठेवायचा, तो धरायला लागतो. मग खुरप्याने बुंध्याभोवतीची माती मोकळी करायची, तांबूस सालीचं मूळ दिसतं. त्यावर छोट्या कुऱ्हाडीचे तिरके घाव, दोन बाजूंनी. खुंट हलवला की कट्‌ आवाज येऊन सुटतो. तो जागेवरच उलटा, मुळं आकाशाकडे करून ठेवायचा. जमिनीला टेकला तर परत मूळ धरायची शक्यता असते. माती जागची फारशी हलत नाही, खड्डा पडत नाही. त्यानंतरचं काम विसरायचं नाही: बुलबुल आणि इतर पक्षी तिची काळी फळं खातात आणि ज्या फांदीवर बसतात तिच्याखाली बिया टाकतात. म्हणून झाडांच्या खाली आणि तारेच्या खाली घाणेरीची रोपं पुढे बराच काळ शोधत राहावं लागतं. दोन पानांची असताना चिमटीत येतात.

गाजरगवताचं एकच सांगायचं: फुलायच्या आत, जमीन ओली असताना, मोजे घालून, मुळासकट. एक झाड दहा हजारांच्या वर बिया टाकतं आणि परागांनी कित्येकांना त्वचेचा आणि श्वासाचा त्रास होतो. पानं चाळणीसारखी खाल्लेली दिसली आणि त्यावर पिवळट अंगावर तपकिरी पट्टे असलेले बारके भुंगेरे दिसले तर त्यांना मारू नका. हे भुंगेरे मेक्सिकोचे. गाजरगवत खाण्यासाठीच त्यांना काही देशांत मुद्दाम आणून सोडलं गेलं.

खरी परीक्षा लव्हाळा या तणाची. वरची हिरवी पाती उपटून टाकणं अगदी सोपं आहे, आणि त्याने काहीही होत नाही. पातीखाली एक गाठ असते, तिच्यापासून बारीक दोरा निघून पुढच्या गाठीला, तिथून पुढच्या. माळेत मणी ओवावेत तशा या गाठी जमिनीत पसरलेल्या असतात, बहुतेक वरच्या वीतभर थरात. माळ अखंड असते तोवर टोकाची गाठ बाकीच्यांना झोपवून ठेवते. कुदळीने माळ तुटली की प्रत्येक तुकडा मोकळा होतो आणि स्वतंत्रपणे फुटतो. म्हणून लव्हाळ्याच्या जमिनीत घाईने खणणं म्हणजे लागवड करणं. वरून झाकायला कार्डबोर्ड पसरला तर त्यातूनही त्याचं सुईसारखं टोक वर येतं. मी पहारीने जमीन खालून उचलते, ढेकूळ हाताने फोडते, दोऱ्याचा माग घेत गाठी एकेक वेचते आणि कडक उन्हात पत्र्यावर पूर्ण सुकेपर्यंत ठेवते. कोरडेपणा त्यांना सोसत नाही. दुसरी न सोसणारी गोष्ट म्हणजे सावली. हरळीचंही तेच: उन्हात प्रत्येक पेराला मूळ धरत पळत सुटते, दाट सावलीत विरळ होत जाते. त्यामुळे ज्या पट्टीत लव्हाळा जास्त आहे तिथे मी लवकर वाढणारी, रुंद पानांची झुडपं लावली. सगळा लव्हाळा गेला का? नाही, जाणारही नाही. पण आता तिथे राज्य त्याचं नाही.

इथे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते लिहिते. मोकळी जमीन मोकळी राहत नाही. चार्ल्स डार्विनने आपल्या आवारात तीन फूट बाय दोन फूट एवढा तुकडा खणून साफ केला आणि त्यात आपोआप उगवणारं प्रत्येक रोप मोजलं. ३५७ उगवली, त्यांतली २९५ मुख्यतः गोगलगायींनी आणि किड्यांनी संपवली. कोणीही काहीही पेरलेलं नसताना एका छोट्या सतरंजीच्या जागेत एवढं! या बिया येतात कुठून, तर बऱ्याचशा आधीपासून मातीतच असतात, वाट बघत. विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन इथे ओलसर वाळूत मिसळलेल्या बियांच्या वीस बाटल्या पुरल्या, ठरावीक वर्षांनी एकेक काढून बघायची म्हणून. २०२१ मध्ये एक बाटली काढली ती रात्रीच्या अंधारात, कारण कित्येक बियांना उगवायला उजेडाचा नुसता स्पर्श पुरतो. त्यातल्या काही बिया रुजल्या, पुरल्यानंतर १४० वर्षांहून जास्त काळाने.

हे वाचल्यावर अंगणाकडे बघण्याची माझी पद्धतच बदलली. कुदळ मारली की खालच्या बिया वर येतात, त्यांना उजेड लागतो, आणि आपणच त्यांना उठवलेलं असतं. सगळं अंगण एकदम साफ केलं असतं तर पुढच्या पावसात सगळं एकदम उगवलं असतं, तेही सगळ्यात चिवट तेवढंच. म्हणून आमचा नियम झाला: जेवढं झाकता येईल तेवढंच मोकळं करायचं. पाचोळा दोन पोती असेल तर दोन पोत्यांची जागा. बाकीचं रान उभं राहू दे, ते माती धरून आहे, सावली धरून आहे. फक्त बी धरायच्या आत त्याचे शेंडे विळ्याने उतरवत राहायचे. बाहेरून येणाऱ्याला अर्धवट काम दिसतं, दिसू दे.

झाकायला साधा तपकिरी कार्डबोर्ड, चिकटपट्टी आणि पिना काढून. तुकडे एकमेकांवर वीतभर चढवायचे, कारण फटीतून गवत बरोबर वाट काढतं. पाण्याने गच्च भिजवायचे म्हणजे जमिनीला घट्ट बसतात. त्यावर चार बोटं जाड पाचोळा किंवा कापलेलं गवत, झाडाच्या बुंध्यापासून मात्र हातभर लांब. बुंधा झाकला तर साल कुजते. काही महिन्यांनी उचलून बघितलं तर खाली कार्डबोर्ड जवळजवळ संपलेला, गांडुळांची माती वर आलेली, आणि गवताची पिवळी पडलेली मुळं नुसत्या बोटाने निघतात. हे बघायला मी मुद्दाम कोपरे उचलते.

कापलेलं जाळायचं नाही यावर आमच्यात चर्चासुद्धा झाली नाही. धूर शेजाऱ्यांच्या घरात जातो, ढिगात दडलेले जीव भाजतात, आणि जमिनीला जे परत मिळायला हवं ते राख होऊन वाऱ्यावर जातं. जाड फांद्यांचे तुकडे करून वाफ्यांच्या कडेला रचले. कोवळं हिरवं आणि सुकं एकाआड एक थर देऊन ढीग केला. ढीग मधोमध ५५ अंशांच्या वर तापला आणि तसाच काही दिवस राहिला तर बहुतेक बिया मरतात, पण घरगुती ढीग सगळीकडून इतका तापत नाही. म्हणून बी धरलेलं जे होतं ते वेगळं काढून झाकणाच्या पिंपात पाण्याखाली कुजवलं. वास येतो, पिंप लांब ठेवावं.

शेजारच्या आजी कुंपणापाशी येऊन उभ्या राहायच्या. त्यांनी हे अंगण भरात असताना बघितलं होतं. "अगं, त्या कोपऱ्यात जपून, तिथे लिंबू होतं," असं त्या म्हणाल्या तेव्हा त्या कोपऱ्यात लिंबू आहे यावर विश्वास बसणं कठीण होतं. वेलींचा नुसता डोंगर होता. वेल ओढून काढायची नाही, फांद्या मोडतात. बुंध्याशी कापून वर सुकू द्यायची. सुकली की हलकी होऊन हाताने उतरते. आत लिंबू होतं. अर्धं वाळलेलं, पानं शेंड्याला चार. नखाने साल खरवडली. एका फांदीत तपकिरी, कोरडं, दुसरीत तपकिरी, तिसरीत सालीखाली ओला, पोपटी हिरवा पट्टा. मी आजींना हाक मारून तो हिरवा पट्टा दाखवला. मेलेल्या फांद्या जिवंत भागापर्यंत छाटल्या, आत उजेड-वारा जाईल एवढी मधली गर्दी काढली, आणि मुळांशी ओल राहील असं आच्छादन दिलं. एकदम सगळं छाटलं नाही, कारण इतकी वर्षं सावलीत असलेल्या सालीला अचानक ऊन लागलं की ती भाजून फाटते. आजी म्हणाल्या, "पाणी बेताने घाल हो, त्याला पाय ओले आवडत नाहीत." बरोबर आहे, लिंबाची मुळं साचलेल्या पाण्यात कुजतात.

आजींच्या आठवणीतून आणखी बरंच निघालं. फाटकापासून पायऱ्यांपर्यंत दगडी वाट होती म्हणे. ती चार बोटं मातीखाली जशीच्या तशी मिळाली. त्या वाटेच्या कडेला कंद होते आणि ते कुठले हे त्यांनाही आठवेना, तेव्हा ती पट्टी खणली नाही, एक पावसाळा जाऊ दिला. पहिल्या सरींनंतर तिथे गुलाबी लिली उभी राहिली, ओळीने, कोणीतरी हाताने अंतर मोजून लावलेली. ज्यांनी लावली त्यांना मी कधी भेटलेली नाही. जुनं घर घेणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे की भिंतीतली झाडं सोडून बाकी काही काढण्याआधी अंगणाचं एक पूर्ण ऋतुचक्र बघा. काय कुठे उगवतं, पाणी कुठे थांबतं, ऊन कुठे पोहोचतं हे त्याशिवाय कळणारच नाही.

मागचा एक कोपरा मुद्दाम तसाच ठेवला आहे. तिथल्या दाट जाळीत भारद्वाज राहतो. त्याला उंच झाडापेक्षा असला गच्चपणा लागतो. तो जमिनीवर चालत किडे, गोगलगायी, उंदराची पिल्लं टिपतो. जाळीतली घाणेरी काढायची आहे, पण एकेक, आणि जेवढी काढू तेवढी दुसरी दाट झुडपं आधी वाढवून. घरटं असेल त्या महिन्यांत तिकडे हत्यार न्यायचंच नाही. एवढ्या कोपऱ्यालाच बहुधा बाकीच्या सगळ्या अंगणाएवढा वेळ लागेल. सध्या तिथे लावायची रोपं पिशव्यांत तयार होतायत, कार्डबोर्डही जमतोय, आणि पाऊस सुरू व्हायच्या आत कुंपणाकडच्या पट्टीतला लव्हाळा पुन्हा एकदा वेचून घ्यायचा आहे.